फिरताना टिपलेले एकटे झाड: लहान काढले तर हरवते, मोठे काढले तर एकटे राहत नाही

एकटाब्रश (धागाकर्ता)

नमस्कार. चारएक वर्षांपासून मी हौसेखातर जलरंगात निसर्गचित्रे काढतो आणि एरवी अडलेले माझे मीच सोडवत बसतो. या वेळी मात्र एकाच छायाचित्रावरून दोन चित्रे काढली, दोन्ही फसली, आणि ज्या कारणांनी फसली ती एकमेकांच्या अगदी उलट आहेत, म्हणून हा धागा काढत आहे.

दोन आठवड्यांपूर्वी सकाळी फिरायला गेलो होतो. वाट एका चढापाशी वळते आणि वळल्याबरोबर समोरच्या उंचवट्याच्या माथ्यावर एक झाड दिसते. भोवती वाळलेल्या गवताखेरीज काही नाही. ऊन उजवीकडून तिरपे येत होते, सावली डावीकडच्या उतारावर लांब पसरली होती, आणि मी चालायचे विसरून तिथेच उभा राहिलो. मोबाइल काढला, एक छायाचित्र घेतले आणि पुढे निघालो. एकच घेतले, याची आता चुटपुट लागली आहे.

पहिल्या चित्रासाठी छायाचित्रावर आणि कागदावर सारख्या चौकटी आखून सगळे जसेच्या तसे उतरवले. कागद ३०० जीएसएमचा (म्हणजे चांगला जाड), कोल्ड प्रेस (किंचित खडबडीत पृष्ठभागाचा), पाव इम्पीरियल आकाराचा, म्हणजे साधारण ३८ बाय २८ सेंटीमीटर, आडवा धरलेला. मोबाइलच्या छायाचित्राचे ४:३ हे प्रमाण या कागदाशी जवळजवळ जुळते, त्यामुळे कडा फारशा कापाव्या लागल्या नाहीत. पण झाड कागदावर जेमतेम तीन सेंटीमीटर उंच आले. घरच्यांना चित्र दाखवले तेव्हा 'माळ छान आला आहे' असे सगळे म्हणाले. झाडाबद्दल कोणीही चकार शब्द काढला नाही.

मग छायाचित्र ताणून मोठे केले आणि दुसऱ्या कागदावर झाड अठरा सेंटीमीटर उंच काढले. खोड, फांद्या, पानांचे पुंजके, सगळे दोन बैठका देऊन रंगवले. आता झाड दिसते खरे, पण ते वनस्पतिशास्त्राच्या तक्त्यातले वाटते. ते एकटे तर वाटत नाहीच, शिवाय कात्रीने कापून आकाशावर चिकटवल्यासारखे दिसते. सावली काळ्या डांबरासारखी झाली आहे, कारण छायाचित्रात ती तशीच आहे.

एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडते: झाडाच्या डाव्या बाजूने एक जाड फांदी खांद्यासारखी बाहेर येऊन खाली झुकलेली आहे. या झाडाचा सगळा स्वभाव त्या फांदीत आहे असे मला वाटते, म्हणून दुसऱ्या चित्रात मी ती सर्वांत काळजीने काढली. मूळ छायाचित्र, त्यातला झाडाचा मोठा केलेला भाग आणि दोन्ही चित्रे सोबत जोडली आहेत. स्पष्ट लिहावे, वाईट वाटणार नाही.

कॅमेराकर

चित्रकलेत मला गती नाही, पण झाड लहान का आले एवढे सांगू शकतो. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याचे भिंग रुंद कोनाचे असते. जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या पूर्ण चौकटीच्या मापात मोजले तर ते २४ ते २८ मिलिमीटरच्या भिंगासारखे असते, आणि आडव्या दिशेने ते सुमारे ६५ ते ७० अंशांचा पट्टा एका चौकटीत कोंबते. तुम्ही वळणावर उभे होतात तेव्हा डोळ्यांना याहूनही रुंद दृश्य दिसत होते, पण तुमचे लक्ष त्यातल्या दहा-पंधरा अंशांवरच खिळलेले होते. उरलेले दृश्य डोळ्याने पाहिले, मनाने नाही. कॅमेऱ्याला असा भेदभाव करता येत नाही.

झाड दहा मीटर उंच आणि शंभर मीटर दूर आहे असे धरू. तेवढे झाड डोळ्याशी पावणेसहा अंशांचा कोन करते. हात लांब करून अंगठा आडवा धरला तर त्याची जाडी सुमारे दोन अंश भरते, म्हणजे झाड जवळजवळ तीन अंगठ्यांएवढे. हे काही लहान नाही. पण मोबाइलची आडवी धरलेली चौकट उंचीला ५० अंशांहून थोडी जास्त असते, आणि तिच्यात हे झाड दहावा हिस्सा व्यापते. तुमचा कागद २८ सेंटीमीटर उंच आहे आणि झाड तीन सेंटीमीटर आले. हिशेब चोख आहे. चौकटी आखण्यात तुमची काहीही चूक झालेली नाही, हे वाचून कदाचित अधिकच वाईट वाटेल.

पुढच्या वेळी त्याच जागेवरून दुप्पट झूम करून आणखी एक छायाचित्र घेऊन ठेवा. त्यातले प्रमाण मनात राहिलेल्या प्रमाणाच्या बरेच जवळ जाते.

कोळसाकांडी

आकाराचा प्रश्न भिंगाचा असेल, पण एकटेपणाचा प्रश्न आकाराचा नाही, असे माझे मत आहे.

कास्पार डाविड फ्रीडरिश या जर्मन चित्रकाराचे १८२२ सालचे 'एकाकी झाड' हे तैलचित्र अनेकांनी पाहिले असेल. मूळ चित्र बर्लिनच्या आल्टे नॅशनल गॅलरीत आहे आणि आकाराने ते फार मोठेही नाही, ५५ बाय ७१ सेंटीमीटर. त्यातला ओक वृक्ष जवळजवळ मधोमध उभा आहे. विषय मधोमध ठेवू नये, तृतीयांशावर ठेवावा, हे आपण सगळेच एकमेकांना सांगत असतो. इथे तो नियम सरळ धुडकावलेला आहे. झाड चित्रात चांगले मोठे आहे, खोडाला टेकून एक मेंढपाळही उभा आहे, आणि मागच्या मैदानात इतर झाडे, वस्ती, डोंगर असे सगळे आहे. म्हणजे ते झाड चित्रातले एकमेव झाड नाही, बुंध्याशी माणूस आहे, तरीही चित्राला एकाकी म्हणावेसे वाटते. कारण झाडाचा वठलेला शेंडा डोंगरांची रेषा ओलांडून एकटाच उजळ आकाशात घुसतो. खालचा हिरवा भाग जमिनीच्या काळसर रंगात मिसळलेला आहे आणि वरचा उघडा भाग आकाशाच्या ताब्यात गेलेला आहे. आजूबाजूचे काहीही त्या उंचीपर्यंत पोचत नाही.

तुमच्या दुसऱ्या चित्रात झाड आकाशाला चारही बाजूंनी सारखेच भिडते. क्षितिजरेषा तुम्ही अगदी कागदाच्या तळाशी नेली आहे, त्यामुळे जमीन ही झाडाखाली सरकवलेली पट्टी झाली आहे. झाडाला एकटे पडायला जागा लागते आणि ती जागा जमिनीवर लागते; वरच्या निळ्या कागदाचा त्याला काही उपयोग नाही. झाडापासून पाहणाऱ्यापर्यंतचे अंतर पायांना जाणवले पाहिजे.

माझी सूचना अशी: झाड नऊ-दहा सेंटीमीटर उंच ठेवा, बुंधा कागदाच्या खालून एक तृतीयांशाच्या आसपास येऊ द्या, आणि रंगाला हात लावण्यापूर्वी काडेपेटीएवढी चार-पाच टिपणे केवळ तीन छटांत करा: पांढरी, मधली, काळी. त्या आकारात जे झाड एकटे दिसत नाही, ते मोठ्या कागदावरही दिसणार नाही.

तिसरीछटा

कोळसाकांडी यांच्याशी अर्धी सहमत आहे. जागा लागते हे खरे, पण ती झाडाबाहेरच असली पाहिजे असे नाही. डच चित्रकार पीट मोंद्रियान यांचे १९११ सालचे 'करडे झाड' पाहा. त्याच्या फांद्या चित्राच्या कडांपर्यंत पोचतात, आणि त्याच झाडाच्या फांद्यांमधले आकाश फांद्यांइतकेच महत्त्वाचे होऊन बसते. झाड मोठे काढले म्हणून ते तक्ता होत नाही. पानन् पान सारख्याच आस्थेने काढले म्हणून तक्ता होतो. धागाकर्त्यांनी अठरा सेंटीमीटरचेच झाड ठेवून त्यातले निम्मे तपशील धुऊन टाकले असते, तर मी वेगळा प्रतिसाद लिहिला असता.

ओलाकागद

आकारावर वाद चालू द्या; मी 'चिकटवल्यासारखे' या तक्रारीवर लिहितो, कारण ती प्रत्येकाला छळते आणि तिचे मूळ बहुतेक वेळा छायाचित्रातच असते.

उजळ आकाश आणि गडद झाड एकाच चौकटीत आले की कॅमेरा दोघांनाही न्याय देऊ शकत नाही. तो आकाश सांभाळतो आणि झाडाची सावलीकडची बाजू काळीठिक्कर करतो, नाहीतर झाड सांभाळतो आणि आकाश पांढरेफटक करतो. वर मोबाइल स्वतःच्या हुशारीने प्रत्येक कडा धारदार करून ठेवतो. तुम्ही जोडलेला मोठा केलेला भाग पाहा: पानांच्या कडेने एक बारीक पांढरी किनार दिसते. ती प्रत्यक्षात नव्हती, ती यंत्राची करामत आहे, आणि तुम्ही ती इमानेइतबारे रंगवली आहे! ब्रशने राखलेली ती किनार पाहून मला हसू आले, पण पहिल्या वर्षी मीही हेच केले होते.

प्रत्यक्ष झाडाची कडा सगळीकडे सारखी नसते. उन्हाच्या बाजूला पानांचे पुंजके आकाशात विरघळतात, सावलीच्या बाजूला कडा जास्त ठाम दिसते, आणि शेंड्याकडे तर पाने इतकी विरळ असतात की झाड कुठे संपले ते सांगता येत नाही. ब्रश जवळजवळ कोरडा करून, आडवा धरून, खडबडीत कागदावरून अलगद ओढला की ही तुटक कडा आपोआप मिळते. याउलट बुंध्याजवळ गवत आणि खोड यांचा सांधा ओला असतानाच एकमेकांत जाऊ द्यावा. झाड गवतावर ठेवलेले नसते. बुंधा जमिनीत शिरताना रुंद होत जातो आणि गवत त्याच्यावर चढलेले असते.

आता पानांमधली आकाशाची भोके. तुम्ही ती कागद कोरा राखून ठेवली आहेत आणि तीच सगळ्यात जास्त टोचतात. पानांतून दिसणारे आकाश मोकळ्या आकाशापेक्षा किंचित गडद रंगवावे, कारण त्या छोट्या भोकात डोळ्याला सुटे न दिसणारे काटक्यांचे जाळे असते आणि ते बराच उजेड अडवते. कॅमेऱ्यात नेमके उलट होते: आकाशाची चकाकी बारीक काटक्या गिळून टाकते आणि भोके होती त्याहून मोठी आणि पांढरी दिसतात. भोक जितके लहान, तितके ते गडद, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ फरक पडेल. आणि ती मोजकी असू द्या. तुमच्या चित्रात मी चाळीसपर्यंत मोजली आणि मग मोजणे सोडले.

छटांचा क्रमही तपासून पाहा. अमेरिकन निसर्गचित्रकार जॉन कार्लसन यांनी मांडलेला एक साधा आडाखा आहे: आकाश सर्वांत उजळ, सपाट जमीन त्याखालोखाल, उतार त्याहून गडद, आणि झाडासारख्या उभ्या गोष्टी सर्वांत गडद, कारण वरून येणारा उजेड सपाट जमिनीवर पुरेपूर पडतो, उभ्या पृष्ठभागांवर कमी पडतो. तुमच्या चित्रात उतारावरचे गवत झाडाइतकेच गडद झाले आहे, मग झाड उठून कसे दिसणार? बर्फ पडला असेल किंवा सूर्य क्षितिजाला टेकला असेल तेव्हा हा आडाखा चालत नाही, पण तुमच्या छायाचित्राला तो लागू पडतो.

हिरव्याबद्दल शेवटचे. मोबाइल गवताचा आणि पानांचा हिरवा रंग भडक करून दाखवतो. ट्यूबमधला सॅप ग्रीन थेट वापरू नका. अल्ट्रामरिन (गडद निळा) आणि यलो ऑकर (मातकट पिवळा) यांचा मळकट हिरवा बनवा आणि सावलीत त्यात बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळा. अल्ट्रामरिन आणि बर्न्ट सिएना एकमेकांना मारून जो करडा रंग देतात तोच खोडाला, तोच लांबच्या टेकडीला आणि थोडे पाणी वाढवून तोच सावलीला वापरता येतो. सगळ्या चित्रात एकच करडा फिरत राहिला की झाड परके वाटत नाही.

एकटाब्रश

पांढऱ्या किनारीबद्दल वाचून छायाचित्र पुन्हा उघडले. खरोखरच आहे! ही किनार म्हणजे पानांवर पडलेले ऊन, असे समजून मी ती दीड तास राखत बसलो होतो.

सावलीचे काय करावे? काळी नको हे पटले, पण मग तिचा रंग ठरवायचा कशावरून?

कॅमेराकर

सावलीत थेट ऊन पोचत नाही, पण आकाशाचा उजेड पोचतोच, म्हणून स्वच्छ दिवशी ती निळसर असते. वाळलेल्या गवतावर पडलेली सावली म्हणजे गवताचाच रंग, पण गडद आणि निळ्याकडे झुकलेला.

तिची कडाही सगळीकडे सारखी नसते. सूर्य आकाशात बिंदूएवढा नसून सुमारे अर्ध्या अंशाची चकती आहे, त्यामुळे सावली पाडणारी वस्तू जमिनीपासून जितकी दूर, तितकी सावलीची कडा धूसर. दहा मीटर अंतरावरून पडणाऱ्या सावलीची कडा साधारण नऊ सेंटीमीटर रुंदीची होते. म्हणजे बुंध्याजवळची सावली ठाम काढायची आणि शेंड्याची सावली विरवत न्यायची. सावलीत अधूनमधून उन्हाचे कवडसे असतील तर ते गोल किंवा लंबगोल काढा, पानांमधली भोके कशीही असोत. प्रत्येक कवडसा हे सूर्याचेच चित्र असते.

पायवाट

मी चित्रे काढत नाही, झाडे पाहत फिरतो, म्हणून वेगळ्या बाजूने लिहितो.

मोकळ्यावर वाढलेल्या झाडाला चारही बाजूंनी ऊन मिळते, त्यामुळे ते खालच्या फांद्या टाकून देत नाही आणि रुंद होते. दाटीत वाढलेले झाड उजेडासाठी उंच जाते आणि खालचे खोड उघडे पडते. तुमचे झाड रुंद आहे, म्हणजे ते पहिल्यापासून मोकळ्यावर आहे. आजूबाजूचे तोडले म्हणून ते एकटे पडलेले नाही. पानांचा खालचा काठ पट्टीने आखावा तसा सरळ आहे, तो मात्र गुरांमुळे झालेला असणार. मान वर करून जिथपर्यंत तोंड पोचते, तिथपर्यंतची पाने ती खातात. दुसऱ्या चित्रात तुम्ही हा काठ गोलाकार केला आहे. कृपया तो सरळ ठेवा, त्यात झाडाची बरीच हकिकत आहे.

आता मुद्दा त्या डाव्या फांदीचा. मला ती पहिल्यापासून खटकते आहे. लिओनार्दो दा विंची यांनी आपल्या वह्यांमध्ये झाडांबद्दल एक निरीक्षण नोंदवले आहे: कोणत्याही उंचीवरच्या सगळ्या फांद्या एकत्र बांधल्या तर त्यांची जाडी खालच्या खोडाएवढी होते. म्हणजे छेदांच्या क्षेत्रफळांची बेरीज सारखी राहते. दहा सेंटीमीटर व्यासाच्या खोडाला दोन सारख्या फांद्या फुटल्या तर त्या प्रत्येकी पाच नव्हे, सात सेंटीमीटरच्या असतात. हा काटेकोर नियम नाही, पण ढोबळमानाने तो बऱ्याच झाडांना लागू पडतो.

तुमचे मोठे केलेले छायाचित्र मी पिक्सेल मोजून पाहिले. दुबेळक्याच्या खाली खोड २४ पिक्सेल रुंद आहे. वर जाणाऱ्या दोन फांद्या प्रत्येकी १७ पिक्सेल आहेत. २४ चा वर्ग ५७६. १७ चा वर्ग २८९, त्याची दुप्पट ५७८. हिशेब इथेच मिटला. तुमची लाडकी डावी फांदी १५ पिक्सेल जाड आहे, म्हणजे आणखी २२५. ती कोणाच्या खात्यातून आली? एवढी जाड फांदी त्याच दुबेळक्यातून निघत असती तर खालचे खोड २८ पिक्सेलच्या आसपास असायला हवे होते. मला शंका आहे की ती या झाडाची नाहीच.

तिसरीछटा

पायवाट, तुमचा हिशेब वाचायला मजा आली, पण चार पिक्सेलांच्या जोरावर एखाद्या फांदीला घराबाहेर काढू नये. मोबाइलच्या छायाचित्रात तेवढी चूक सहज होते. आणि समजा ती दुसऱ्याच झाडाची असली, तरी काय बिघडले? चित्राला ती हवी असेल तर ठेवावी. आपण झाडाचा जन्मदाखला रंगवत नाही.

पायवाट

ठेवावी की काढावी हे चित्रकाराने ठरवावे. पण ती दुबेळक्याला चिकटते तिथे त्यांनी एक गाठ काढली आहे, आणि अशी गाठ छायाचित्रात नाही. हाताला तिथे काहीतरी जुळवून घ्यावे लागले, याचाच हा पुरावा नाही का?

कॅमेराकर

शक्यता नाकारता येत नाही. मोबाइलचा सेन्सर लहान असतो, त्यामुळे शंभर मीटरवरचे आणि दीडशे मीटरवरचे दोन्ही सारखेच स्पष्ट उमटते, आणि एका डोळ्याच्या यंत्राला पुढचे-मागचे कळायला दुसरा आधार नसतो. चालताना आपले डोके हलते, पुढच्या आणि मागच्या गोष्टी एकमेकींवरून सरकतात, आणि मागचे मागे आहे हे आपल्याला न सांगता कळते. छायाचित्र उभ्या जागेवरूनच घेतले जाते, तिथे ही सरक मिळत नाही.

कोळसाकांडी

मग इथे भांडत बसण्यापेक्षा धागाकर्त्यांनी पुन्हा फिरायला जावे हे उत्तम. जाताना वही न्यावी. इंग्रज निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबल १८२१-२२ च्या सुमारास ढगांच्या अभ्यासचित्रांमागे तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवत असत. आपल्याला निदान ऊन कोणत्या बाजूने आहे आणि पुढे काय, मागे काय, एवढे लिहिता येईल.

एकटाब्रश

आज सकाळी गेलो होतो. मुद्दाम त्याच वेळी गेलो, म्हणजे सावली तशीच मिळावी. जरा सविस्तर लिहितो.

वळणावर आधी त्याच जागी उभा राहिलो. झाड जसेच्या तसे, डावी फांदीही तशीच झुकलेली. ती दुसऱ्याची असेल असे तिथे उभे राहून तरी वाटेना, आणि पायवाट यांना काय उत्तर लिहायचे याची जुळवाजुळव मी मनातल्या मनात सुरूही केली होती. मग वाट सोडून डावीकडे गवतातून चालू लागलो. दहा पावलांवर फांदी थोडी लांब झाल्यासारखी वाटली. वीस पावलांवर तिच्यात आणि झाडात आकाशाची एक उभी फट पडली, आणि पाहता पाहता ती फांदी झाडापासून सुटून बाजूला झाली. उंचवट्याच्या पलीकडे जमीन खाली उतरते आणि तिथे एक लहान, डावीकडे कललेले झाड आहे. त्याचा बुंधा माथ्याआड लपतो, फक्त कललेले वरचे खोड आणि शेंडा दिसतो. वळणावरून पाहिले की ते खोड नेमके मोठ्या झाडाच्या दुबेळक्यामागून निघाल्यासारखे वाटते. जवळ जाऊनही पाहिले. वळणापासून मोठ्या झाडापर्यंत माझी एकशे चाळीस पावले भरली आणि तिथून मागच्या झाडापर्यंत आणखी चाळीस. त्याची पाने वेगळ्या जातीची, जरा फिकट आहेत. हे छायाचित्रातही दिसते, आता सांगितल्यावर.

पायवाट, तुमची माफी मागतो. आणि झाडाचा स्वभाव त्या फांदीत आहे असे जे मी छातीठोकपणे लिहिले होते, ते परत घेतो.

तिथेच बसून पेन्सिलने तीन छटांची सहा टिपणे केली. दोन टिपणांत मागचे झाड पूर्ण गाळले, दोन टिपणांत ते फांदी म्हणून जसे चिकटलेले दिसते तसे ठेवले, आणि उरलेल्या दोनांत वीस पावले डावीकडून दिसते तसे सुटे दाखवले. गाळले तेव्हा मोठे झाड नीटनेटके आणि कंटाळवाणे दिसू लागले. सुटे दाखवले तेव्हा मात्र गंमत झाली: दोघांमधल्या त्या फटीमुळे मोठे झाड पहिल्यांदाच एकटे वाटले. फ्रीडरिशच्या चित्रात मागे इतर झाडे असूनही असे का होते, ते मला तिथे गवतात बसून समजले.

तिसरे चित्र दुपारी रंगवले. झाड साडेनऊ सेंटीमीटर, खालचा काठ सरळ, भोके फक्त सात. मागचे झाड त्याच करड्या रंगात पाणी वाढवून, एका वॉशमध्ये (पातळ रंगाच्या एकाच सपाट थरात), तपशिलाशिवाय. सावली अल्ट्रामरिन आणि बर्न्ट सिएनाची, बुंध्याशी ठाम आणि टोकाशी ओल्या कागदात सोडून दिलेली. चित्र सोबत जोडले आहे. एक दोष मला दिसतो: दोन झाडांमधल्या फटीतच, आकाश अर्धवट वाळले असताना ब्रशमधून पाण्याचा थेंब पडला आणि तिथे फुलकोबीसारखा डाग उमटला आहे. नेमक्या त्याच जागी! तो काढावा का?

कोळसाकांडी

हे चित्र पहिल्या दोघांच्या फार पुढे आहे. क्षितिज आणखी एक बोटभर वर घेतले असते तर मला अधिक आवडले असते, पण ही कुरकुर समजा.

तिसरीछटा

फांदीच्या बाबतीत मी हरले. सात भोकांतले मधले एक अजूनही फार पांढरे आहे.

ओलाकागद

मधल्या भोकावर फिकट निळ्याचा एक हात द्या, तिसरीछटा म्हणतात ते बरोबर आहे.

डागाबद्दल: आज हात लावू नका. कागद आतून ओला असताना घासला तर वरचा थर सुटतो आणि मग तिथे कोणताही रंग धड बसत नाही. उद्या पूर्ण वाळल्यावर स्वच्छ, ओलसर, मऊ ब्रशने फक्त डागाची गडद कडा भिजवा, दोन-तीन सेकंद थांबा आणि टिपकागद न घासता नुसता दाबून उचला. ३०० जीएसएमचा कागद असे एकदा-दोनदा सहन करतो. अल्ट्रामरिन कागदात शिरून बसलेला असेल तर डाग पूर्ण जाणार नाही, फिका होईल. तेवढ्यावर थांबा, कारण फटीतले आकाश धुऊन जास्त पांढरे झाले तर मागचे झाड पुढे आल्यासारखे दिसेल आणि दोन्ही झाडे पुन्हा एकमेकांना चिकटतील.

एकटाब्रश

उद्या सकाळी करतो. कडाच भिजवायची, मधला भाग नाही, बरोबर ना?

ओलाकागद

बरोबर. मधला भाग तसाच राहू द्या.